टाळूवरची लव

भूपेशनं टोपी काढली, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या बापानं डोळे मिटून घेतले.

घरून निघताना मनसारामनं पोराला दोनदा बजावलं होतं, "चहा होतपर्यंत टोपी काढू नको. नाव विचार, शिक्षण विचार, आन उठ." याआधी बापलेक पोंभुर्ण्याला मुलगी पाहायला गेले, तेव्हा तिच्या मामानं टक्कल पाहून तोंडावर विचारलं होतं, पोराचं वय चोरून राह्यले का म्हणून. भूपेश तेव्हा पंचविशीचाही नव्हता.

पण आज आरमोरीच्या स्टँडवर उतरून तो दाढीला बसला आणि सगळंच बदललं. न्हाव्यानं कंगव्याचं टोक कपाळाच्या वर टेकवलं. "भाऊ, इथी नवे फुटून राह्यले." घरच्या आरशात चेहरा कसाबसा मावायचा. इथे भिंतभर आरसा होता आणि वर ट्यूबलाइट. भूपेश पुढं वाकला. खरंच होतं. पेरल्यावर शेताच्या बांधीत धानाचे कोवळे परे वर येतात, तशी बारीक काळी लव. चंद्रपूरच्या डॉक्टरनं दिलेलं औषध तो पावसाळ्यापासून सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरनं टाळूवर सोडत होता. सुरुवातीला केस उलट जास्तच गळले, तेव्हा मनसाराम बाटली तळ्यात फेकायला निघाला होता. भूपेशनं ती हातातून ओढून घेतली होती.

स्टँडपासून मुलीच्या घरापर्यंत त्याचा हात टोपीखालीच होता. ओसरीवर बसल्यावर तर त्याला राहवेना.

आता सगळे त्याच्याकडे पाहत होते. मुलीची आई कांताबाई, काका सुकलू, आणि चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली रिंकू.

सुकलूनं घसा साफ केला. "पावन्याचे केस जरा कमीच हायेत."

"कमी नाई जी, वाढून राह्यले," भूपेश म्हणाला आणि पाटावरून पुढं सरकला. "पाहा ना, इथी. हात लावून पाहा. आधी हे सपाट होतं, एकदम सपाट." त्यानं डोकं सुकलूच्या पुढ्यात वाकवलं. सुकलूला चष्मा लावून पाहावंच लागलं. मनसारामनं पोराला गुडघ्यानं ढोसलं, पण पोराला कशाचंच भान नव्हतं. औषध कसं लावतात, किती वेळ वाळू द्यायचं, तळ्यात जाळं टाकायच्या आधी का लावायचं नाही, सगळं तो एका दमात सांगत सुटला.

चहाचे कप देऊन खाली मान घालून उभ्या असलेल्या रिंकूनं मान वर केली.

"आन सोडलं तर?" तिनं विचारलं.

भूपेश थांबला. हे डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं. त्यानं ते घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाप आता डोळे उघडून त्याच्याकडेच पाहत होता. काही होत नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.

"सोडलं तर गळते," तो म्हणाला. "हे नवे आलेले, ते बी. डॉक्टर म्हनते, जलमभर लावा लागते. आन लावून सगळेच येतीन, असंबी नाई."

मनसाराम पायानं चपला चाचपू लागला. सुकलूनं चष्मा काढून खिशात ठेवला. कांताबाई दाराकडे पाहत राहिल्या.

रिंकू रिकामे कप उचलायला भूपेशच्या मागच्या बाजूला आली आणि तिथंच थबकली.

"मागं तर काईच आलं नाई," ती म्हणाली.

"कुठी?"

"भोवऱ्यावर. सारं औषध खाली उतरून राह्यलं तुमचं. भोवरा कोरडाच, आन मानेवर केस आले."

भूपेशचा हात मानेकडे गेला. बोटांना काहीतरी मऊ लागलं. त्याला हसू फुटलं, आणि कान तापले.

"मले मागचं दिसत नाई ना," तो म्हणाला.

रिंकूनं कपात कप घातले, ट्रे उचलला.

"कोनालेच दिसत नाई," ती म्हणाली. "मागून दुसऱ्यानंच लावून द्या लागते." आणि आत गेली.

मनसाराम चपला घालून उभा राहिला होता. आतापर्यंत त्याला भाऊ म्हणणाऱ्या कांताबाईंनी व्याह्यापुढं सावरावा तसा पदर सावरला.

"उठता काऊन, इवाई?" त्या म्हणाल्या. "बसा. जेवूनच जा आता."