ऑक्ताव्हकाकांना सोबत

"थांब रे जरा," म्हणत ऑक्ताव्हकाका सायकलवरून उतरले आणि छातीवर हात ठेवून बांधावर टेकले.

दिदिएही थांबला. चढ तो कसला, मांजराच्या पाठीएवढा. पण दर रविवारी काकांना इथे धाप लागायची. त्यांनी खिशातून पत्र्याची डबी काढली, एक पांढरी गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने बडीशेपेचा वास आला. औषधाची कडू चव मारायला काका वरून काहीतरी चघळत असणार, असं दिदिएने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पूर्वी या वाटेवरून रेल्वे धावायची. रूळ गेले, आता फक्त सायकली. मोटारींना मज्जाव. द्राक्षांची तोडणी नुकतीच उरकली होती आणि दोन्हीकडचे मळे पिवळे पडले होते.

आज सांगायचंच, दिदिएने मनाशी म्हटलं. महिनाभर तो हेच म्हणत होता. नाँतला त्याच्या मुलीला, एलोदीला, मुलगा झाला होता. 'बाबा, आता इकडेच या,' असा तिचा धोशा चालला होता. जायला मन तर केव्हाच तयार होतं. पण काकांचं काय?

दोन वर्षांपूर्वी नादीन गेली आणि दिदिएने घराच्या खिडक्यांच्या झडपा लावून घेतल्या. बायकोच्या मागे कुणाचं तोंड बघावंसं वाटेना. अशातच एका रविवारी सकाळी काका दारात उभे. कमरेत वाकलेले, धापा टाकत.

"डॉक्टरांनी एकट्याने सायकल चालवायला मनाई केलीय बाबा. आमची म्हातारी जॉर्जेत तर सायकलीला कुलूपच घालते म्हणते. येतोस का सोबतीला? म्हाताऱ्यावर उपकार होतील."

ऐंशीच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दिदिए चरफडत उठला, माळ्यावरची सायकल काढली आणि निघाला. पुढच्या रविवारीही निघाला. हळूहळू बुधवारपासूनच तो रविवारची वाट बघू लागला.

"तुझ्याआधी त्या पाववाल्याची विधवा यायची," काका डबी खिशात घालत म्हणाले. "तिने दुसरं लग्न केलं नि गेली माकाँला. तिच्याआधी तो आडदांड पोलीस. तोही नातवंडांत रमला. माझ्यापाशी कुणी टिकत नाही बघ."

झालं! दिदिएच्या ओठांवर आलेलं पुन्हा पोटात गेलं.

रस्ता वाटेला छेदतो तिथे फाटकवाल्याचं जुनं घर आहे. त्यात पेरोलबाई राहतात. नवरा वसंतात वारला, तेव्हापासून निळ्या झडपा बंद.

"अजून बंदच," काका पुटपुटले. हेही दर रविवारचंच.

बुसीचं जुनं स्टेशन दिसू लागलं तसे काका हँडलवर वाकले. स्टेशनच्या भिंतीला जो आधी हात लावेल तो जिंकला. हरणाऱ्याने दोन्ही सायकली पुसायच्या. दिदिएने जोर लावला आणि शेवटच्या वळणावर नेहमीसारखा हळूच ब्रेक दाबला. काका चाकभर पुढे निघाले, भिंतीवर थाप मारली.

"म्हातारा जिंकला! पूस आता. साखळी नीट पूस, गेल्या खेपेला नुसता हात फिरवलास."

खाली मान घालून साखळी पुसता पुसताच दिदिएने सगळं सांगून टाकलं. हिरवी टोपी काढून काकांनी डोकं खाजवलं.

"नातवाचं नाव काय ठेवलं?"

"बास्तियाँ. पण काका, तुम्ही आता कुणाबरोबर—"

"माझं मी बघेन रे. दोन वर्षं म्हाताऱ्याला सांभाळून नेलंस, पुष्कळ झालं. ऋणी आहे मी तुझा."

"तुम्ही कसले ऋणी? त्या दिवशी तुम्ही दार ठोठावलं नसतंत तर मी अजून अंधारातच बसलो असतो. उपकार तुमचेच आहेत."

"पुरे! रडून साखळी गंजवशील माझी."

काका हसले, पण नाकही शिंकरलं त्यांनी. आपण सुटतोय आणि म्हातारा अडकतोय, हे काही दिदिएच्या मनातून जाईना.

पुढच्या रविवारी सकाळी तो सामानाने भरलेली मोटार घेऊन निघाला. रस्ता सायकलवाटेला छेदतो तिथे मात्र पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्याने मोटार बाजूला घेतली, काच खाली केली. काका एकटेच निघाले असतील तर? चढावर धाप लागली तर? पाच मिनिटं बघू, मग जाऊ.

खालून चढावर कुणीतरी येत होतं. पेडलवर उभं राहून, वाऱ्यासारखं. मागे झगमगीत कपड्यांतले दोन तरुण जीव तोडून पाठलाग करत होते, आणि त्यांचं अंतर वाढतच होतं. कोण हा पठ्ठ्या, म्हणून दिदिए कौतुकाने पुढे वाकला. मग त्याला हिरवी टोपी दिसली.

विसाव्याचा बांध मागे पडला, टोपीने तिकडे बघितलंही नाही. एका हाताने डबी निघाली, तीन-चार गोळ्या तोंडात गेल्या आणि कडाकडा चावल्या गेल्या.

निळ्या झडपांच्या घरापाशी सायकल थांबली. काका उतरले. आधी ताठ उभे राहून त्यांनी टोपी नीट केली. मग कमरेत वाकले, छातीवर हात ठेवला, दोनदा खोकून बघितलं आणि दार ठोठावलं.

बऱ्याच वेळाने दार किलकिलं झालं.

"माफ करा हं, पेरोलबाई," काका धापा टाकत म्हणाले, "डॉक्टरांनी एकट्याने सायकल चालवायला मनाई केलीय हो."