मधली रेषा

ओळंब्याच्या दोरीपासून फळीपर्यंत उजवीकडे चार फूट सात इंच भरले. डावीकडे चार फूट चार. दमयंतीने टेप सैल सोडला, पुन्हा ताणला आणि पुन्हा तेच वाचले.

"काय भरलं?" होडीच्या पलीकडून बाबांनी विचारले.

"ठीक हाय, बाबा," ती म्हणाली.

सातपाटीच्या किनाऱ्यावर ताडपत्रीच्या मांडवाखाली ही होडी उभी होती. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दमयंतीने सुतळी ताणली होती. तिच्यावरून हातभर अंतराने ओळंबा सोडायचा आणि दोन्ही अंगांना मोजायचे. नाळेजवळ फरक नव्हता. मध्याकडे येता येता तो तीन इंचांचा झाला. बाबांच्या, म्हणजे विश्राम सुतारांच्या, होडीत एवढा फरक आजवर कुणी ऐकला नव्हता.

मोजायला बाबांनीच सांगितले होते. बीएस्सी झाल्यापासून दमयंती बोईसरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करत होती. एका कारखान्याच्या कँटीनसाठी तिने खोगिरासारखे छत काढले होते. समीकरणातला एक आकडा बदलला की पडद्यावर सबंध छत वाकायचे, नाहीतर सपाट व्हायचे. बाबांनी तिथे येऊन ते बराच वेळ पाहिले होते. मग विचारले होते, "माजी होडी यात बसंल?"

"बसंल की. उलटी होडी म्हंजे छतच," ती म्हणाली होती. तिला वाटले, हातचे काम संपत आले, ते कागदावर तरी राहावे, अशी त्यांची इच्छा असेल.

कारण पालघरच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितले होते, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. "यांना आता काम सोडायला सांगा," असे ते दमयंतीकडे बघून म्हणाले होते. घरी येऊन बाबांनी लाकूड तासायच्या वाकसाला धार लावली होती.

होडी शेजारच्या देवूची होती. पौर्णिमेला ती पाण्यात उतरायची होती आणि देवूचे दोन्ही मुलगे तिच्यावर जाणार होते. उधाणात एका अंगाला कलणारी होडी म्हणजे काय, हे सातपाटीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

बोईसरला तिने सगळी मापे घातली. कॉम्प्युटरने त्या बिंदूंवरून पृष्ठभाग ताणून दिला. पडद्यावर होडी डावीकडे दबलेली होती, कुणी त्या अंगाला टेकून बसल्यासारखी. तिने डावीकडचे आकडे बदलले. होडी एका क्षणात सरळ झाली. तिने ते बदल पुसले आणि मोजलेले आकडे परत घातले.

"दोन्ही बाजू कशाला घालतेस?" मागून जाताना ऑफिसातले सर म्हणाले. "अर्धी काढ आणि मिरर कर. सगळे तसंच करतात."

तिने उजवी बाजू ठेवली आणि मधल्या रेषेवरून ती पलीकडे उलटवली. होडी देखणी दिसत होती. तिने तीच छापून घेतली. खरे काय ते उद्या सांगू, असे तिने ठरवले. असे तिने आठवडाभर रोज ठरवले.

रविवारी तिने तो मोठा कागद मांडवातल्या फळीवर पसरला. देवू कोपऱ्यात जाळे सांधत बसला होता.

"काय गो दमयंती, तुज्या कॉम्प्युटरला पवता येतं काय?"

"तुला येतं ना, देवूकाका? मग बास झालं."

देवू खो खो हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी कागदाला मधल्या रेषेवर घडी घातली आणि ती नखाने दाबली. मग एक बारीक खिळा घेतला. कागदावर अगदी नाक टेकवून, उजव्या डोळ्यात उरलेल्या उजेडाने एका अंगाची रेषा शोधत, ते तिच्यावर टोचत गेले. एका फळीवरची खूण दुसरीवर नेताना ते असेच करायचे. शेवटी त्यांनी घडी उघडली.

"भोकं बघ. पलीकडच्या रेषेवर पडली?"

तिने पाहिले. "पडली."

"समदी?"

"समदी."

बाबांनी कागद हळूच बाजूला सारला.

"इतक्या वर्सांत माज्या हातून अशी होडी झाली नाय. सूतभर तरी इकडंतिकडं व्हायचंच. ही मी बांदलेली नाय, बाय. ही तू बांदलीस."

देवूचा जाळ्यातला हात थांबला. दमयंतीने होडीकडे पाहिले. फळ्या ठोकून झाल्या होत्या, सांध्यांत कापूस भरून झाला होता. इथे कुठलाच आकडा बदलता येत नव्हता.

"किती?" बाबांनी विचारले.

तिने कागद गुंडाळून ठेवला.

"तीन इंच," ती म्हणाली. "डावीकडं."

बाबांनी मान हलवली. डाव्या अंगाच्या फळ्यांवरून त्यांनी एकदा तळवा फिरवला, मध्यापाशी येऊन थांबवला.

"हाताला कळत व्हतं. पन हात आपलाच, तो आपल्यासारकंच बोलतो. म्हनून तर तुला मोजायला लावली."

"बाबा, मी..."

"ऱ्हाऊ दे."

त्यांनी वाकस उचलला. पाते अंगठ्याने चाचपले, फडक्यात गुंडाळले आणि फडक्याला गाठ मारली. मग देवू बसला होता त्या बाजूला तोंड केले. देवू एव्हाना उठून त्यांच्या अगदी शेजारी येऊन उभा होता, ते त्यांना दिसले नाही.

"देवू," ते रिकाम्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "दुसरा सुतार बघ."