पांढरी पट्टी

वैजयंता सासूला, गोदाबाईंना, तालुक्याच्या दवाखान्यातून घेऊन आली, तेव्हा गावच्या आशाताई ओट्यावर वाट बघत होत्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बराच पुढे गेलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“असं कसं होईल?” आशाताई म्हणाल्या. “दर वर्षी मी घरोघरी देते ती तपासणीची पट्टी एक दिवस पॅडसारखी लावली, की रोग धरायच्या कितीतरी आधी ती निळी पडते. गोदामावशी, तुमची तर गेली तिन्ही वर्षं पांढरीच आली.”

गोदाबाईंनी पदर सावरला. “पाळी गेली, मालक गेले. या वयात मला कशाला असलं काही? माझी पट्टी मी हिलाच द्यायचे.”

आशाताईंनी वैजयंताकडे पाहिलं.

“दोन्ही मीच लावायचे,” ती मान खाली घालून म्हणाली. “दोन्ही पांढऱ्या निघाल्या, की दुप्पट हायसं वाटायचं.”