राणीने उष्टं केलेलं दूध

मी जुन्या मालिकेतला तोच प्रसंग तिसऱ्यांदा मागे नेला. जादूच्या राज्यातली ती सावत्र राणी राजपुत्राच्या दुधाचा घोट आधी स्वतः घेते, क्षणभर थांबते आणि मगच पेला त्याला देते. विष तर प्रधान घालत होता, हे शेवटच्या भागात कळतं. मग राणी दुष्ट कशी?

बाबांनी दुसरं लग्न केलं, त्या वर्षी ही मालिका लागायची. "ही राणी अगदी तुझ्यासारखीच आहे," असं मी कुंदामावशीला, म्हणजे माझ्या नव्या आईला, तोंडावर म्हटलं होतं. कारण प्रत्येक पंगतीत ती माझ्या ताटातलं आधी खायची. मला उष्टं नको असायचं. मी रागाने ताट ओढून घ्यायचे.

आज शेजारून आमटी आली. मावशीने चमचाभर तोंडात घातली आणि वाटी माझ्यापासून लांब सरकवली.

"दाण्याचं कूट आहे. तुझा घसा सुजेल."

मी गोंधळून पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मावशी, मी एवढ्या रागाने ताट ओढून घ्यायचे. तू तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू?" ती म्हणाली. "तू ओढेपर्यंत माझं चाखून झालेलं असायचं."