गोठ्याच्या लाकडांवरच्या रेघा

रस्तारुंदीत पाडल्या जाणाऱ्या जुन्या गोठ्याची मापं घेताना सरोजिनी थबकली. जिथे दोन लाकडं जुळत होती, तिथे दोन्हींवर सारख्याच रेघा कोरलेल्या होत्या. खिळा मात्र एकही नव्हता.

"आबा, या रेघा कशाला?" तिने मालकांना विचारलं.

"गोठा इथला नाही, पोरी. आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा वडलांनी खुणा करून तो सुटा केला आणि बैलगाड्यांतून आणून इथे जोडला."

"आणि घर?"

"बुडालं. एकच काहीतरी आणण्याइतका वेळ होता. वडील म्हणाले, आधी गुरांना छप्पर. आईने वर्षभर अबोला धरला."

सरोजिनी रेघांवरून बोट फिरवत राहिली. "पुन्हा सुटा करून मागच्या रानात जोडता येईल, आबा. सुतार बोलावू?"

ऐंशीच्या आबांनी धोतर वर खोचलं. "बोलाव. तोवर तू शिडी धर."