पथ्याचा चोर

नळीच्या बुडाशी स्पिरिटचा दिवा जळत होता आणि बनुबाईला आताच रडू येत होतं. नळीत निळं औषध होतं, त्यात तिच्या नवऱ्याच्या, गहिनीनाथच्या लघवीचे थेंब. गेल्या दोन्ही खेपांना ते निळं पाणी विटेसारखं लाल झालं होतं, म्हणजे साखर भरपूर. डॉक्टर तेव्हाच बोलले होते, "पुन्हा लाल झालं तर नगरला पाठवीन. अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर भागलं तर नशीब."

गहिनीनाथ सुतार. काम करताना लाकूड तासायची वाकस पायावर पडली, अंगठा फुटला, आणि साखरेच्या आजारानं जखम भरेना. आता तो बाकावर पाय लांब करून भिंतीकडं बघत बसला होता. जसा काही दुसऱ्याचाच पाय दाखवायला आणलाय.

बनुबाईनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोड बंद, पथ्य पाळा. तिनं घरातला गूळ शेजारी देऊन टाकला. नवऱ्याला बिनसाखरेचा चहा म्हणून आपलाही बिनसाखरेचा केला. आणि पथ्य म्हणजे उपवासाहून चोख ते कोणतं? ज्या अन्नाला देव नाही म्हणत नाही, ते आजाराला कसं बाधेल? दुष्काळानं जामखेड भागात हिरवं पान उरलं नव्हतं, तरी कोपरगावच्या भावाकडून तिनं साबुदाणा मागवला. सकाळी खिचडी, संध्याकाळी भगर नाहीतर उकडलेले बटाटे. ताट भरून वाढायची. आजारी माणसानं उपाशी राहू नये.

स्वतः ती रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, खायची. त्याची भाकरी थापताना मोडायची आणि चावताना दात दुखायचे. ती खाऊन दिवसभर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची. पाय असे भरून यायचे की, रात्री कूस वळायचंही जिवावर यायचं.

आणि एवढं करून हा बाबा चोरी करायला लागला. महिना झाला असेल. ती कामावरून यावी तर टोपल्यातली तिची भाकरी गायब. ह्याचं ताट मात्र झाकलेलं, जसंच्या तसं.

"भूक न्हाई," म्हणायचा. "तू खा."

"पथ्याचं हाय ते! मी कशाला खाऊ?"

"मग टाक उकिरड्यावर."

दुष्काळात अन्न कोण टाकतं? भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी आलेली असायची. शिव्या देत देत ती त्याची गार खिचडी खायची. अन् सकाळी पुन्हा नवी शिजवायची. आजही तेच. एस.टी.च्या गडबडीत ती पाण्याला गेली, तेवढ्यात ह्यानं भाकरी मटकावली. तपासणीच्या दिवशीसुद्धा! जिभेपुढं ह्या माणसाला पाय नको झालाय, दुसरं काय.

"बघा," डॉक्टर म्हणाले.

बनुबाईनं डोळे मिटले. मग उघडले. नळीतलं पाणी हिरवं होतं. वीट नाही, पिवळंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेच्या कडा सुकल्या होत्या, आतून गुलाबी मांस धरलं होतं. "अंगठा राहतोय," ते म्हणाले. "काय खायला घालता?"

"उपवासाचंच. पन खोटं कशाला बोलू, ह्ये चोरून माझी मिलोची भाकर खात्यात. रोज."

"आणि उपवासाचं?"

"ते मलाच गिळावं लागतंय."

डॉक्टर हसले नाहीत. कपाळाला हात लावला. "बाई, चूक माझीच. पथ्य म्हणजे काय ते मी धड सांगितलंच नाही. साबुदाणा जिभेला गोड लागत नाही, पण पोटात गेला की लगोलग त्याची साखर होते. बटाट्याचंही तसंच. भाकरीचीही साखर होते, पण सावकाश."

बनुबाईनं नवऱ्याच्या पायाकडं बघितलं. म्हणजे आपणच? आपल्याच हातानं, ताट भरभरून? "मग चांगलं कंचं आन् वाईट कंचं," ती थकून म्हणाली, "एकदाचं सांगून टाका."

"असं नुसतं चांगलं-वाईट नसतं हो. किती खाल्लं, कशाबरोबर खाल्लं, अन् कुणी खाल्लं, तेही बघावं लागतं. हे बसून असतात. तुम्ही दिवसभर माती वाहता, तुम्हाला खिचडीनं काही होणार नाही. ह्यांना भाकरीच द्या. तीही मापानं."

बाहेर लिंबाखाली एस.टी.ची वाट बघत दोघं बसले. मग बनुबाईनं पदरानं नाक पुसलं.

"चला, तुमच्या जिभेचे चोचले कामाला आले. आता खावा रोज भाकर, चोरायची गरज न्हाई."

"चोचले?" गहिनीनाथ म्हणाला. "त्यो मिलो माझ्या घशाखाली उतरत न्हाई. पान्याच्या घोटासंगं ढकलायचो."

"आन् मग का खात हुता? पाय जाईल म्हनून भ्या न्हाई वाटलं?"

"वाटायचं की. रोज वाटायचं." त्यानं पायाची पट्टी नीट केली. "पन तू पाट्या वाहून येऊन त्येच चघळत बसायचीस. बघवंना मला. मी दिली आसती तर तू खिचडी घेतली नस्तीस. म्हनून तुझी भाकर चोरायचो."