तळावरचं नाव

"इथं? पोटाखाली?" पेंटर पाठीवर पडून बोटीच्या बाजूच्या होडीखाली सरकला. "मॅडम, हे तर पाण्यात जाणार. वाचणार कोण, मासे?"

"तुम्ही लिहा, काका. मोठ्या अक्षरांत."

शर्यतीची ट्रायमरान होती ती. मधे लांब, निमुळती बोट आणि दोन्ही अंगांना एकेक सडपातळ होडी. शिडात वारा भरला की एका अंगाची होडी पाण्यातून वर उचलली जाते, तिचा तळ उघडा पडतो. तो दिसतो मागे राहिलेल्यालाच.

"कडेला रचनाकार म्हणून तुमचं नाव घाला, नाहीतर बोटीचं नाव तुम्ही ठेवा," बोटीचे मालक म्हणाले होते. "दोन्ही लाड होणार नाहीत." तिने बोटीचं नाव मागून घेतलं. नवरा त्या दिवसापासून धुसफुसतोय. "स्वतःचं नाव सोडून त्या माणसाचे शब्द रंगवतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

पेंटरने कागदावरचं वाचलं. "बाळ सांभाळ. हे बोटीचं नाव? शर्यत काय पाळणाघराची आहे?"

ती हसली नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तेव्हा तिने काढलेल्या बोटीच्या आराखड्यावर जुन्या कंपनीतल्या सरांची सही होती. जाब विचारला, तर सर सगळ्यांदेखत हे दोनच शब्द बोलले होते आणि सगळे हसले होते.

रंगाचा वास लागू नये म्हणून तिने छातीवरच्या झोळीतल्या बाळाचं तोंड आपल्याकडे वळवलं. उद्या शर्यतीत वारा पडला तर? किंवा सरांची बोटच पुढे निघाली तर? मग मात्र खरोखर मासेच वाचणार.

सरांची बोट पलीकडेच उभी होती. त्याच आराखड्यावरून बांधलेली, म्हणजे तीही तिचीच रचना. वाऱ्याच्या कोणत्या झोतात ती जड पडते, हे तिला तोंडपाठ होतं, आणि सरांना ते विचारायचं सुचलं नव्हतं.

सर हात मागे बांधून आले. त्यांनी बोटीच्या कोऱ्या कडांवरून नजर फिरवली.

"अगं, बिननावाचीच उतरवणार? बरोबर आहे म्हणा. तुला आता वेळ कुठला."

पेंटर खालून काहीतरी बोलणार होता. तिने पायाने त्याची चप्पल हळूच ढकलली.

"नाव ठेवलंय, सर," ती म्हणाली. "तुमच्या जागेवरून उद्या स्वच्छ दिसेल."